परांचीची भोकं

आमचे नाना गवंडी. कराडच्या आसपासच्या दहा-बारा गावांत त्यांच्या हातची घरं आहेत. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्याबरोबर कामावर जायचो, आणि तिथे मला सगळ्यात आवडायची ती परांची. भिंत छातीच्या वर गेली की उभे वासे रोवायचे, त्यांना आडवे बांबू काथ्याच्या दोरीने आवळायचे, आणि त्यांच्यावरून भिंतीकडे जे आखूड बांबू टाकायचे त्यांचं एक टोक भिंतीत मुद्दाम सोडलेल्या भोकात खुपसायचं. वर फळ्या. भिंत चढेल तशी परांची चढायची. गिलावा मात्र वरून खाली. एकेक टप्पा उतरत यायचं, बांबू ओढून काढायचा, भोक विटेच्या तुकड्याने आणि मालाने बुजवायचं, वरून थापी फिरवायची. घर उभं राहिल्यावर परांची कुठे होती हे मालकाला सांगता येत नसे. नानांना येत असे. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर एका ठिकाणी बोट ठेवून ते म्हणायचे, "हितं आमचा बांबू हुता."

२००६ साली पुण्यात एका छोट्या कंपनीत लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुलाने मला एक आज्ञा टाइप करून दाखवली. तिच्यात 'स्कॅफोल्ड' असा शब्द होता. मला तो माहीत नव्हता. घरी येऊन शब्दकोश काढला, तर समोर छापलेलं: परांची. त्या रात्री मला खरोखर आनंद झाला. या धंद्यात बारा वर्षं काढल्यावर पहिल्यांदा एक शब्द असा भेटला होता जो मी लहानपणापासून हाताने ओळखत होतो.

संगणकाने आपलाच प्रोग्राम लिहून द्यावा ही इच्छा संगणकाइतकीच जुनी म्हणावी लागेल. १९५९ साली आयबीएमने १४०१ हे यंत्र आणलं, तेव्हा त्याच्यासाठी 'आरपीजी' नावाची सोय केली. 'रिपोर्ट प्रोग्राम जनरेटर' हे तिचं पूर्ण नाव. छिद्रांच्या कार्डांवर चालणारी जुनी कोष्टकयंत्रं वापरणाऱ्या माणसांना प्रोग्राम लिहिता येत नव्हता, पण फॉर्म भरता येत होता. म्हणून त्यांना छापील तक्ते दिले. आत काय येणार, त्यावर कोणता हिशेब होणार, बाहेर कुठल्या रकान्यात काय छापायचं, एवढं भरून द्यायचं. तक्त्यांची कार्डं व्हायची आणि त्या कार्डांवरून यंत्र प्रोग्राम तयार करायचं. माणसाने काय हवं ते सांगायचं आणि कसं करायचं ते यंत्राने लिहायचं, ही वाटणी तिथे ठरली. ती आजवर टिकली आहे.

परांची हा शब्द मात्र या धंद्यात वेगळ्या दाराने आला. फ्रेड ब्रुक्स यांचं 'द मिथिकल मॅन-मंथ' १९७५ साली निघालं. त्यात त्यांनी परांची म्हटलं ते चाचणीपुरत्या लिहिलेल्या प्रोग्रामांना आणि नकली माहितीला: जे इमारतीत राहायचंच नाही, काम झालं की काढून टाकायचं. म्हणजे त्यांची परांची नानांच्या परांचीसारखीच होती. पुढे तिचा अर्थ बदलला, आणि तो बदल मी माझ्या डोळ्यांसमोर होताना पाहिला.

माझी स्वतःची सुरुवात फॉक्सप्रोवर. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पेरिसबर्ग नावाचं गाव आहे, तिथल्या फॉक्स सॉफ्टवेअरने १९९१ मध्ये फॉक्सप्रो २.० काढलं. पुढच्याच वर्षी ती कंपनी मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. आमच्याकडच्या पतसंस्था, दूध संस्था, दुकानदार यांचे हिशेब संगणकावर आले ते बऱ्याच अंशी याच फॉक्सप्रोमुळे. १९९४ मध्ये मी आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं पिग्मीचं काम घेतलं. रोज संध्याकाळी एजंट गोळा करून आणत त्या रकमांची नोंद, महिन्याला व्याज, पासबुकावर छपाई. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा.

फॉक्सप्रोत पडदा काढायची सोय होती. चौकटी कुठे, खातेक्रमांक कुठे, नाव कुठे हे बाणांच्या कळांनी मांडायचं. मग 'जेनस्क्रीन' नावाचा प्रोग्राम त्या चित्रावरून शेकडो ओळींची फाइल लिहून द्यायचा. फाइलच्या माथ्यावर चौकटीत तारीख, वेळ, आणि ही फाइल जनरेटरने तयार केली आहे अशी नोंद. मी ती नोंद वाचली होती, पण तिचा अर्थ मला कळला नव्हता. व्याजातल्या पैशांचं पूर्णांकन पतसंस्थेला वेगळ्या रीतीने हवं होतं, म्हणून मी तयार फाइल उघडली आणि त्यात हाताने पंधरा-वीस ओळी घातल्या. नीट चाललं. चार महिन्यांनी सचिव म्हणाले, पडद्यावर 'ठेव' ऐवजी 'ठेव रक्कम' असं करा. मी चित्रात तेवढा शब्द बदलला, प्रोजेक्ट पुन्हा बांधला, डिस्क देऊन आलो. जेनस्क्रीनने नवी फाइल लिहिली आणि माझ्या ओळी गेल्या. महिनाअखेरीला व्याज जुळेना. मी आणि सचिव दोघं रात्री दीडपर्यंत रोजमेळ घेऊन हाताने हिशेब लावत बसलो. ते एक शब्दही रागाने बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

जनरेटर वापरणाऱ्या प्रत्येकाला हा धडा कधीतरी मिळतोच. यंत्राने लिहिलेल्या मजकुराला दोन मालक असू शकत नाहीत. एक तर तो दर वेळी नव्याने यंत्राने लिहायचा, मग माणसाने त्याला हात लावायचा नाही आणि आपलं म्हणणं मूळ चित्रातच, त्यासाठी ठेवलेल्या जागी, लिहायचं. नाहीतर यंत्राने एकदाच लिहून बाजूला व्हायचं आणि पुढे तो मजकूर कायमचा माणसाचा. जेनस्क्रीन पहिल्या जातीचा होता. ज्याला लोक परांची म्हणू लागले तो दुसऱ्या जातीचा.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं आणि तीन-चार वर्षांत आमचं काम पडद्यांवरून वेबपानांवर सरकू लागलं. वेबचा नवा प्रकल्प सुरू कसा करायचा याची रीत कुठेच लिहिलेली नव्हती. आम्ही काय करायचो, तर मागच्या कामाचा अख्खा फोल्डर उचलायचा, नाव बदलायचं आणि नको ते पुसत जायचं. कुठेतरी राहून जायचंच. एकदा एका संस्थेच्या पावतीच्या तळाला दुसऱ्याच संस्थेचं नाव छापून आलं. जावामध्ये तर आणखी कठीण. २००० साली आलेलं स्ट्रट्स वापरायचं तर साध्या एका फॉर्मसाठी फॉर्मचा वर्ग वेगळा, कृतीचा वर्ग वेगळा, पान वेगळं आणि या तिघांची गाठ घालणारी नोंद चौथ्या एक्सएमएल फाइलमध्ये. एका अक्षराची चूक झाली की पान कोरं. पहिलं पान दिसायला दोन दिवस लागायचे, आणि ज्या माणसाने आपल्याला काम दिलं त्याला दाखवायला तोवर काहीच नसायचं.

हे दोन दिवस डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन या डॅनिश तरुणाने पंधरा मिनिटांवर आणले. कोपनहेगनमध्ये बसून तो शिकागोच्या ३७सिग्नल्स या कंपनीसाठी बेसकॅम्प नावाचं वेब ॲप्लिकेशन लिहीत होता. भाषा होती रूबी, जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये लोकांपुढे आणलेली. बेसकॅम्प लिहिताना जो सांगाडा तयार झाला तो वेगळा काढून त्याने जुलै २००४ मध्ये रेल्स म्हणून सर्वांना मोफत दिला. पण रेल्स जगभर पसरलं ते २००५ मधल्या एका चित्रफितीने. तीत तो रिकाम्या फोल्डरपासून सुरुवात करून पंधरा मिनिटांत चालता ब्लॉग उभा करतो. मी ती चित्रफीत पुण्याच्या त्या ऑफिसात पाहिली. पाहून झाल्यावर बराच वेळ काही बोललो नाही. डोळ्यांपुढे स्ट्रट्सच्या त्या चार फाइली येत होत्या.

तेव्हाची ती क्रिया मी इथे सावकाश सांगतो, कारण आता तशी कुणी करत नाही. आधी रूबी बसवायची, मग रेल्स. नेट मंद होतं, तास-दीड तास जायचा. मग 'रेल्स' आणि पुढे प्रकल्पाचं नाव एवढंच टाइप करायचं. पडद्यावर 'क्रिएट, क्रिएट, क्रिएट' अशा ओळी धावायच्या आणि थांबल्या की फोल्डरांची एक आळी तयार असायची: ॲप, कॉन्फिग, डीबी, लॉग, पब्लिक, स्क्रिप्ट, टेस्ट. ॲपच्या आत मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर. प्रत्येक गोष्टीची जागा आधीच ठरलेली, त्यामुळे जगातला कुठलाही रेल्सचा प्रकल्प उघडला तरी देवघर कुठे आणि माजघर कुठे ते माहीत. डेटाबेसची फाइल उघडून मायएसक्यूएलचा पासवर्ड घालायचा. 'स्क्रिप्ट सर्व्हर' म्हटलं की वेबरिक हा छोटा सर्व्हर ३००० क्रमांकाच्या पोर्टवर उभा राहायचा. ब्राउझरमध्ये स्वागताचं पान. त्या पानावर वातावरणाची माहिती दाखवणारा एक दुवा होता. तो दाबला आणि लाल मजकूर आला तर समजायचं, डेटाबेसशी बोलणं होत नाही.

आणि मग परांची. मॉडेलचं नाव देऊन 'जनरेट स्कॅफोल्ड' म्हटलं की यादी, नवी नोंद, बदल, तपशील या सगळ्यांची पानं आणि त्यांच्यामागचा कोड तयार. खरं म्हणजे त्या काळी रेल्समध्ये दोन परांच्या होत्या, आणि त्यांच्यातला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. एक होती नुसत्या एका ओळीची. कंट्रोलरमध्ये स्कॅफोल्ड हा शब्द लिहायचा आणि पानं दिसू लागायची, पण फाइल एकही नाही, सगळं अदृश्य. दुसरी होती खरोखरच्या फाइली लिहून देणारी, उघडून वाचता येणारी. चित्रफितीत टाळ्या मिळवल्या त्या पहिलीने. डिसेंबर २००७ मध्ये रेल्स २.० आलं तेव्हा ती मुख्य रेल्समधून काढून टाकली आणि वाचता येणारी ठेवली. मला हा निर्णय तेव्हाही पटला आणि आज शिकवताना तर रोज पटतो. ज्या बांबूवर उभं राहायचं तो दिसला पाहिजे.

त्याच काळात, २००५ मध्येच, अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्रात जन्मलेलं पायथनचं जँगो बाहेर आलं. नवा प्रकल्प मागितला की ते सुरुवातीच्या काळात फक्त चार फाइली द्यायचं. त्याची माहिती भरायची तयार पानं मात्र फाइलीच लिहीत नव्हती, ती चालतानाच उभी राहायची. तिथेही लोकांची कामं झाली. माझा जीव रेल्सवर बसला एवढंच.

रेल्सच्या परांचीलाही भोकं राहतात. स्वागताचं पान ही पब्लिक फोल्डरमधली साधी एक फाइल होती. नवशिका आपल्या मुखपृष्ठाचा रस्ता बरोबर लिहायचा, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, तरी स्वागताचंच पान. ती फाइल हाताने पुसल्याशिवाय आपलं पान दिसायचंच नाही. २०१३ मध्ये रेल्स ४ येईपर्यंत हे असंच चाललं. आणि प्रत्येक कृतीच्या डोक्यावर जनरेटर एक टिप्पणी टाकायचा, ही कृती कुठल्या पत्त्याला उत्तर देते ते सांगणारी. कोड कितीही बदलला तरी या टिप्पण्या कुणी पुसत नसे. पुढे दुसऱ्यांचे प्रकल्प दुरुस्तीला यायला लागले तेव्हा मी त्या पाहून सांगायचो, इथे परांची होती. नानांची आठवण मला ऑफिसात सगळ्यात जास्त यायची ती या वेळी.

२०११ मध्ये मी साताऱ्याला परत आलो आणि कॉलेजात शिकवायला लागलो. २०१४ च्या उन्हाळ्यात तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी एका बचतगटासाठी ॲप्लिकेशन करायला घेतलं. गटातल्या बायकांच्या वहीत जे शब्द होते तेच मॉडेलला द्यायचे असं आम्ही ठरवलं: सभासद, कर्ज, हप्ता. रेल्स मॉडेलच्या एकवचनावरून टेबलाचं अनेकवचन स्वतः करतं. सभासदला त्याने मुकाट्याने इंग्रजी 'एस' लावला, कर्जालाही लावला. हप्त्याशी मात्र ते अडलं. एका मुलीने स्कॅफोल्डची आज्ञा दिली, एक इशाऱ्याची ओळ सरकून गेली, आणि फाइली तयार झाल्या. थोड्या वेळाने तिने हात वर केला. "सर, हा हॅप्टम कोण?"

सगळीकडे हॅप्टम. वर्गाचं नाव हॅप्टम, फाइलचं नाव हॅप्टम. अर्धा तास आम्ही कीबोर्डपासून व्हायरसपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. मग उलगडलं. रेल्समध्ये अनेकवचनांचे नियम आहेत आणि त्यांत लॅटिन शब्दांसाठी एक नियम आहे: डेटा हे अनेकवचन, डेटम हे एकवचन. रोमन लिपीत हप्ता हा शब्द डेटासारखाच संपतो. रेल्सने तो अनेकवचनी धरला आणि आपल्या परीने त्याचं एकवचन करून दिलं. कराड-साताऱ्याच्या बायका दर महिन्याला भरतात तो हप्ता दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये जाऊन आला.

यावरचं उत्तर प्रकल्पातच होतं, पहिल्या मिनिटापासून. नवा प्रकल्प तयार होतो तेव्हा कॉन्फिगच्या आत 'इन्फ्लेक्शन्स' नावाची एक छोटी फाइल येते. तीत बंद करून ठेवलेली उदाहरणं असतात: बैलाचं अनेकवचन, माणसाचं अनेकवचन, मासा आणि मेंढी यांना अनेकवचन नाही. माझ्यासकट वर्गातल्या कुणीही ती कधी उघडली नव्हती. आता उघडली. आधी 'डिस्ट्रॉय' म्हणून ती हॅप्टमची सगळी परांची उतरवली, कारण ज्या यंत्राने बांधली त्यालाच ती उतरवताही येते, फाइल न् फाइल. मग त्या मुलीने एक ओळ लिहिली: हप्ता, अनेकवचन हप्ते. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा, असं त्या फाइलची पहिलीच ओळ सांगते. परत जनरेट केलं आणि पडद्यावर 'हप्ते' नावाचं टेबल तयार झालं. वर्गात टाळ्या वाजल्या. मी इतकी वर्षं शिकवतोय, पण एका टेबलाच्या नावासाठी टाळ्या मी त्या एकदाच ऐकल्या.

जावास्क्रिप्टकडे याच काळात वेगळी हवा होती. २०१२ मध्ये गूगलच्या परिषदेत योमन आलं, तेही प्रकल्प बांधून देणारं, आणि त्याच्याबरोबर ग्रंट आणि बॉवर ही दोन हत्यारं. २०१६ च्या जुलैमध्ये फेसबुकने 'क्रिएट रिॲक्ट ॲप' दिलं. एक आज्ञा द्या, प्रकल्प तयार. दुसरी द्या, ३००० पोर्टवर चालू. उघडून पाहावं तर मोजक्याच फाइली, स्वच्छ. वेबपॅक, बेबल आणि बाकी सगळी यंत्रसामग्री एकाच पॅकेजच्या आत दडवलेली. शहरात आता बांधकामाला बाहेरून हिरवी जाळी लावतात, तसं. आत बघायचंच असेल तर 'इजेक्ट' नावाची आज्ञा होती. ती दिली की दडवलेलं सगळं आपल्या फोल्डरमध्ये येऊन पडायचं, आणि परत आत घालता यायचं नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी ती कधी वापरली नाही. त्यांना दोष देत नाही, पण मला वाईट वाटतं. पंधरा दिवसांत ते चांगलं पान करून दाखवायचे आणि सर्व्हर सुरू झाला नाही तर कुठे पाहायचं हे त्यांना ठाऊक नसायचं.

आत काय दडलंय हे त्याच वर्षी मार्चमध्ये जगाने पाहिलं होतं. 'लेफ्ट-पॅड' नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एका वादानंतर काढून घेतलं आणि बेबलसकट असंख्य प्रकल्प बांधले जाईनात. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणं एवढंच त्याचं काम. कुठल्यातरी तळाच्या बांबूची दोरी सुटली आणि वरचे सगळे फळीवर थबकले. १४ फेब्रुवारी २०२५ ला क्रिएट रिॲक्ट ॲपही अधिकृतपणे निवृत्त झालं. आता मुलं इव्हान यू यांचं व्हीट वापरतात, ते ५१७३ पोर्टवर उघडतं. पाच म्हणजे रोमन अंकातला व्ही, आणि पुढचे तीन आकडे आय, टी, ई सारखे दिसतात, असं त्यात नाव गुंफलेलं आहे. फळ्यावर हे काढून दाखवलं की मुलं खूश होतात.

बचतगटाचं ते ॲप्लिकेशन अजून चालू आहे. गट वाढला, गावातले आणखी सहा गट त्यात आले. मधल्या वर्षांत रेल्स पुढे गेलं, जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं, म्हणून २०२३ च्या दिवाळीत मी ते नव्या आवृत्तीवर न्यायला बसलो. एकेक आवृत्ती चढत जावं लागतं, मधली पायरी गाळता येत नाही. प्रत्येक पायरीवर अपडेटची आज्ञा दिली की जनरेटर नवा कोरा प्रकल्प मनात बांधतो आणि आपल्या फाइली त्याच्याशी ताडून पाहतो. जिथे फरक दिसेल तिथे तो थांबतो आणि विचारतो: हिच्यावर लिहू का? हो, नाही, सगळ्यांवर, सोडून दे, किंवा फरक दाखव.

घरात सगळे झोपले होते. एकामागून एक फाइली येत होत्या आणि मी हो म्हणत होतो. मग नाव आलं, इन्फ्लेक्शन्स. जनरेटरपाशी तिची कोरी प्रत होती, बैल आणि मासे असलेली. लिहू का?

मी 'डी' दाबलं. पडद्यावर फरक आला: लाल रंगात, उणे खूण लागलेली एकच ओळ, हप्ता आणि हप्ते. मग 'एन' दाबलं, आणि तो पुढच्या फाइलकडे गेला.